अंगणातील फुलझाडाला खत किती द्यावे?



आमच्या अंगणात आज एक सोनचाफा उभा आहे. हा दुसरा. पहिला चाफा आम्हीच मारला. कुऱ्हाडीने नव्हे, खताने मारला. तो कसा मेला, ते आधी सांगतो. मग खताचा धडा शिकू.

पहिला चाफा

आम्ही शाळेतून निवृत्त झालो, त्या वर्षी सोनचाफ्याचे कलम आणून दारात लावले. आमचे गाव कृष्णाकाठचे. जमीन मध्यम काळी. कलम जोमाने वाढले. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला सात-आठ फुले आली. सारे घर दरवळले. आम्हाला फार आनंद झाला, आणि आनंदाबरोबर हाव सुटली. सात फुलांची सत्तर झाली पाहिजेत, असे मनाने घेतले.

घरात शेतासाठी आणलेला युरिया होता. पुढच्या वैशाखात आम्ही तीन ओंजळी युरिया घेतला आणि चाफ्याच्या बुंध्याशी ओतला. वर तांब्याभर पाणी घातले. पाच-सहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मग पाने गळली. आम्हाला वाटले, झाडाला अजून खत हवे. म्हणून आणखी एक ओंजळ घातली. पंधरा दिवसांत झाड वाळून काठी झाले.

शेजारच्या आक्का कुंपणापाशी आल्या. त्यांच्या परड्यात सोनचाफ्याची दोन जुनी झाडे आहेत. फुले वेचायची, पानात बांधायची आणि बाजारात विकायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा उद्योग. श्रावणात फुलाला मागणी फार. त्या पैशावर त्यांचे तेल-मीठ आणि औषधपाणी चालते. आक्कांनी वाळलेली फांदी मोडून पाहिली. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही शाळंत पोरांना एका दिवसात सगळं पुस्तक शिकवत होता का हो?"

आम्ही गप्प बसलो. त्या वेळी आक्कांना एक अक्षर वाचता येत नव्हते. आम्ही चाळीस वर्षे शिकवलेले. पण झाडाच्या बाबतीत अडाणी कोण होते, ते तुम्हीच ठरवा.

खताने झाड का जळते?

कैरीच्या फोडी करा. त्यांना मीठ लावा आणि थोडा वेळ ठेवा. काय होते? फोडींना पाणी सुटते. मीठ फोडीतले पाणी बाहेर ओढून घेते.

रासायनिक खत हेही एक प्रकारचे मीठच समजा. थोडे असले आणि भरपूर पाण्यात विरघळले, तर मुळे ते पाण्याबरोबर पितात. पण एकाच जागी फार पडले आणि पाणी कमी असले, तर उलटे होते. खत मुळातलेच पाणी बाहेर ओढते. झाड पाण्यावाचून मरते. वैशाखात जमीन कोरडी असते, ऊन कडक असते. त्या वेळी हा धोका सर्वांत मोठा.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. कोरड्या जमिनीत खत देऊ नये. आधी पाणी, मग खत, मग पुन्हा पाणी.

चुकून जास्त खत पडले तर? घाबरू नका, पण वेळही घालवू नका. दिसतील तेवढे दाणे उचलून टाका. वरची दोन बोटे माती खरवडून काढा. मग भरपूर पाणी द्या. पाणी मुळाशी तुंबणार नाही, एवढे पाहा. आम्हाला हे तेव्हा ठाऊक असते, तर पहिला चाफा कदाचित वाचला असता.

झाडाचे तीन घास

आपल्या ताटात भाकरी असते, डाळ असते, भाजी असते. झाडाच्या ताटातही मुख्य घास तीन आहेत.

पहिला घास नत्र. नत्राने पाने येतात, झाड हिरवे होते, वाढते.

दुसरा घास स्फुरद. मुळे धरायला, फूल आणि बी तयार व्हायला स्फुरद लागते.

तिसरा घास पालाश. पालाशाने झाड काटक होते. पाण्याची ओढ आणि रोगराई सोसायला ते मदत करते. फुला-फळांनाही ते लागते.

यांशिवाय लोह, जस्त असे घास आहेत. ते चिमूटभर लागतात. पण चिमूटभर मीठ नसले तरी आमटी अळणी लागते, तसेच हे.

आता नीट ध्यान द्या. नत्र फार झाले, की झाड पानेच पाने करते. फुलायचे विसरते. पुष्कळ लोक म्हणतात, "आमचे झाड हिरवेगार आहे, पण फूल येत नाही." अशा झाडाला आणखी युरिया घालू नये. त्याचे नत्र थांबवावे.

उलट काहीजण म्हणतात, "फुलासाठी स्फुरद हवे ना? मग घाला ओंजळीने!" तेही चूक. जमिनीत स्फुरद फार झाले, तर लोह आणि जस्त झाडाला नीट मिळत नाही. एका घासाने पोट भरत नसते.

पोते वाचायला शिका

खताच्या पोत्यावर आकडे छापलेले असतात. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. ते जरूर वाचा.

समजा, पोत्यावर १०:२६:२६ असे लिहिले आहे. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा. क्रम नेहमी हाच. याचा अर्थ असा, की १०० किलो खतात १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद आणि २६ किलो पालाश आहे. पोते ५० किलोचे असेल, तर निम्मे करा. ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश.

युरियाच्या पोत्यावर नत्र ४६ टक्के लिहिलेले असते. म्हणजे १०० किलोत ४६ किलो नत्र. स्फुरद नाही, पालाश नाही. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ हे आकडे असतात. त्यात नत्र १८, स्फुरद ४६, पालाश मुळीच नाही.

आता शेणखत घ्या. चांगल्या कुजलेल्या १०० किलो शेणखतात नत्र साधारण अर्धा किलोच असते. एका घमेल्यात सुमारे १० किलो खत धरले, तर नत्र झाले सुमारे ५० ग्रॅम.

आमच्या तीन ओंजळींचा हिशेब करू. तीन ओंजळी म्हणजे जवळजवळ अर्धा किलो युरिया. त्यात नत्र २३० ग्रॅम. म्हणजे साडेचार घमेली शेणखतातले नत्र आम्ही दोन वर्षांच्या रोपाला एका दिवशी चारले! शेणखतातले नत्र हळूहळू, महिनोन् महिने सुटते. युरियातले नत्र थोड्या दिवसांत मोकळे होते. मग झाड मेले यात नवल ते काय?

कोणते झाड किती भुकेले?

सगळ्या झाडांची भूक सारखी नसते. पैलवानाचे जेवण तान्ह्या मुलाला चालत नाही.

बहावा, पळस, पांगारा ही आपल्या रानची झाडे. डोंगरउतारावर त्यांना कोण खत घालतो? तरी उन्हाळ्यात बहावा पिवळ्या झुंबरांनी लवतो. गुलमोहोर मूळचा मादागास्कर बेटावरचा, पण आपल्या उन्हात तोही चांगला रमला आहे. अशा झाडांना पहिली दोन-तीन वर्षे थोडे शेणखत आणि पाणी द्यावे. पुढे त्यांचाच पाचोळा त्यांच्या पायाशी राहू द्यावा. एवढे पुरते.

पांढरा चाफाही फार मागत नाही. त्याला पाणी तुंबलेले मुळीच सोसत नाही. मुळे कुजतात. त्याला पोटापेक्षा निचऱ्याची काळजी जास्त.

तामण आणि पारिजातक मध्यम भुकेचे. तामण म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे राज्यफूल. या दोन्हींना वर्षातून एक-दोनदा शेणखत दिले, की ती खूष.

सोनचाफा आणि जास्वंद मात्र खाणारी. ती पुष्कळ दिवस फुलत राहतात, म्हणून त्यांना बेताने पण नियमाने खत द्यावे लागते.

केव्हा द्यावे?

आपल्याकडे दोन वेळा चांगल्या.

पहिली वेळ मृगात. दोन-तीन पाऊस पडून जमीन आतपर्यंत ओली झाली, की द्यावे. धो धो पाऊस चालू असताना देऊ नये. सारे खत ओढ्याला वाहून जाते. पैसे आपले आणि खत ओढ्याचे, असे होते.

दुसरी वेळ पाऊस सरताना, नवरात्राच्या सुमारास. त्या वेळी जमिनीत ओल असते.

कडक उन्हाळ्यात रासायनिक खत देऊ नये. नुकत्याच लावलेल्या रोपालाही देऊ नये. ते आधी मूळ धरू दे. आणि झाड आजारी दिसले, की लगेच खत घालू नये. तापाने फणफणलेल्या माणसाला आपण पुरणपोळी वाढतो का? आधी आजार ओळखावा.

कोठे द्यावे?

बुंध्याशी नव्हे! झाडाचे तोंड बुंध्याशी नसते. अन्नपाणी पिणारी मुळे केसासारखी बारीक असतात. ती बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या टोकांखाली आणि त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात.

जूनमध्ये भर दुपारी झाडाची सावली जमिनीवर पडते. त्या सावलीच्या कडेने काठीने एक गोल रेघ ओढा. त्या रेघेवर चार बोटे खोल चर काढा. कुदळ जोराने चालवू नका, बारीक मुळे तुटतात. चरात खत पसरा, माती ओढा, पाणी द्या. वर पाचोळा अंथरा. पाचोळा बुंध्याला चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी ठेवा. नाहीतर साल कुजते आणि वाळवी लागते.

पाचोळा जाळण्याची खोड सोडा. पाचोळा म्हणजे झाडाने स्वतःसाठी साठवलेले खत. तो जाळला, की त्यातले नत्र धुरात जाते.

किती द्यावे?

आमच्या दुसऱ्या चाफ्याला आम्ही असे देतो. वर सांगितलेल्या दोन्ही वेळा, दर वेळी एवढे:

पहिल्या वर्षी अर्धे घमेले शेणखत. दुसरे काही नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक घमेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड.

चौथ्या वर्षापासून दोन घमेली. झाड मोठे झाल्यावर तीन घमेली शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड.

शेणखत कमी असेल, तर दोन-तीन वर्षांच्या झाडाला १०:२६:२६ खताची एक मूठ, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. मोठ्या झाडाला दोन मुठी. याहून जास्त नाही.

शेणखत पूर्ण कुजलेले हवे. काळे, भुसभुशीत, मातीसारख्या वासाचे. ताजे शेण मुळाशी घालू नका. ते कुजताना तापते, आणि त्यातून हुमणीच्या अळ्याही येतात. हुमणी मुळे खाते.

जमिनीत मुळात काय आहे, हे कळले तर फार बरे. २०१५ साली केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. तुमच्या शेताची पत्रिका घरात असेल, तर ती काढा आणि वाचा. अंगणाची माती शेतातूनच आणलेली असेल, तर ती पत्रिका येथेही उपयोगी पडेल.

घरात जपा

युरिया पांढरा असतो. साखरेसारखा, साबुदाण्यासारखा दिसतो. तो स्वयंपाकघरात ठेवू नका. खाण्याच्या डब्यात भरू नका. ज्या बादलीने गुरांना पाणी पाजता, त्या बादलीत खत कालवू नका. युरिया पोटात गेला, तर गाय-म्हैस मरते. एरंडीची पेंड झाडाला चांगली, पण खाल्ल्यास विषारी. ती मातीआड करा, आणि गुरे, शेळ्या, कुत्री तिच्यापासून दूर ठेवा. खत दिल्यावर हात साबणाने धुवा.

आक्कांचा चाफा

आता आक्कांची गोष्ट पुरी करतो.

गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा आक्का रोज रात्री येऊ लागल्या. आधी आकडे शिकल्या. बाजारात आकड्यांचेच काम जास्त, असे त्यांचे म्हणणे.

त्याच वर्षी त्यांच्या एका चाफ्याची पाने पिवळी पडली. फुले निम्म्यावर आली. आक्कांच्या जिवाला घोर लागला. पुतण्या म्हणाला, "काकू, झाडाला ताकद नाही. हे घाला." त्याने शेतावरचे अर्धे पोते आणून ठेवले. आक्कांनी पोत्यावरून बोट फिरवले. चार, सहा. शेचाळीस. पोते तसेच ठेवून त्या आमच्याकडे आल्या.

"गुरुजी, पोत्यावर ४६ लिवलंय. तुमचा चाफा मारला, तो ह्योच न्हवं का?"

आम्ही म्हणालो, "होय आक्का, तोच."

मग आम्ही दोघांनी मिळून झाड पाहिले. पिवळी पडली होती ती कोवळी पाने. शिरा हिरव्या, आणि शिरांमधला भाग पिवळा. हे चिन्ह ओळखून ठेवा. नत्र कमी पडले, तर आधी जुनी, खालची पाने सगळीच्या सगळी पिवळी होतात. लोह कमी पडले, तर नवी पाने पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. आक्कांच्या झाडाला नत्राची नव्हे, लोहाची वाण होती.

पण लोह एकाएकी कमी का झाले? आम्ही विचारले, "आक्का, येथे काही टाकले होते का?" आक्का म्हणाल्या, "आदल्या वर्षी घराची भिंत पाडली, त्याचा चुना-माती हितंच टाकली की."

कारण सापडले. चुन्याने जमिनीतले लोह बांधले जाते. ते जमिनीत असते, पण मुळांना मिळत नाही. कणगीत धान्य आहे, पण कणगीचे तोंड लिंपून टाकले आहे, असे होते.

आम्ही तो राडा उचलून बाहेर टाकला. एक घमेले शेणखतात मूठभर हिराकस मिसळले. ते आठ दिवस ओले ठेवले आणि सावलीच्या कडेच्या चरात घातले. हिराकस म्हणजे लोहाचे खत. दहा लिटर पाण्यात ३० ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा मारला. आधी एकाच फांदीवर मारून पाहिला. पाने करपली नाहीत, तेव्हा साऱ्या झाडावर मारला. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा मारला.

नवी पाने हिरवी आली. फुले मात्र लगेच आली नाहीत. आक्कांनी धीर धरला. पुढच्या श्रावणात त्यांची टोपली पुन्हा भरली. त्यांनी पहिले पाच चाफे आमच्या दारात आणून ठेवले आणि म्हणाल्या, "ही तुमची गुरुदक्षिणा." आम्ही म्हणालो, "आक्का, झाडाची शाळा तुमची. दक्षिणा आम्ही द्यायची."

एक शेवटची गोष्ट

फूल येत नाही, याचे कारण दर वेळी खत नसते. बीपासून केलेला सोनचाफा फुलायला अनेकदा सात-आठ वर्षे घेतो. कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलते. झाड भिंतीच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत असेल, तर कितीही खत घाला, फूल कमीच येणार. म्हणून खताला हात घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. झाडाचे वय काय? ऊन किती मिळते? पाणी तुंबते का? त्यानंतर पाने पाहा. मग पोते वाचा. आणि सगळ्यांत शेवटी खताला हात घाला.

झाड बोलत नाही. पण पानांवर लिहिते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तेही वाचा.

प्रश्न

१. रासायनिक खत फार झाले, तर झाड का वाळते? कैरीचे उदाहरण देऊन सांगा.

२. पोत्यावर १५:१५:१५ लिहिले आहे. पोते ५० किलोचे आहे. त्यात नत्र किती?

३. खत बुंध्याशी का घालू नये?

४. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर झाडाला काय कमी पडले?

करून पाहा

तुमच्या घरी किंवा शेजारी खताचे पोते असेल, तर त्यावरचे आकडे वहीत उतरून आणा. वर्गात सर्वांनी मिळून त्यांचा हिशेब करा.